पेकरी: डुकरासारखा दिसणारा, पण डुक्कर नसलेला प्राणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेत गेलेल्या नातेवाइकांनी पाठवलेल्या फोटोत किंवा ॲमेझॉनच्या जंगलावरच्या एखाद्या माहितीपटात हा प्राणी दिसतो. आपण "रानडुक्कर" म्हणतो आणि पुढे जातो. खरे तर त्याच्यापाशी थांबायला हवे. पेकरीबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

पेकरी म्हणजे नेमका कोणता प्राणी?

पेकरी हा अमेरिका खंडांतला खुरांचा, कळपाने राहणारा सस्तन प्राणी. अंगावर राठ केस, डोके मोठे, मान जवळपास नाहीच, पाय काटकुळे आणि नाकाड डुकरासारखे चपटे. शेपूट इतके आखूड की लांबून दिसतही नाही. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात त्याला 'हॅवेलिना' म्हणतात, ब्राझीलमध्ये 'काइतितू' आणि 'केशादा', पॅराग्वेत 'तागुआ'. ब्राझीलमधली दोन नावे दोन वेगळ्या जातींची आहेत आणि तागुआ तिसऱ्या जातीचे.

मग हे डुक्करच ना? फरक तो काय?

नाही, डुक्कर नव्हे. दिसण्यातले साम्य खरे आहे आणि लांबचे नातेही आहे, पण दोन्ही घराणी सुमारे साडेतीन ते चार कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली. एवढ्या काळात आतबाहेर बरेच बदलले.

सगळ्यात सोपी खूण म्हणजे सुळे. आपल्या रानडुकराचे वरचे सुळेसुद्धा बाहेर येऊन वरच्या दिशेने वळतात. पेकरीचे वरचे सुळे सरळ खाली येतात आणि खालच्या सुळ्यांवर घट्ट बसतात. तोंड मिटले की वरचा-खालचा सुळा एकमेकांवर घासतो, त्यामुळे त्यांना कायम धार राहते. या घट्ट बसणीचा आणखी एक फायदा मानला जातो: कठीण बी फोडताना जबडा बाजूला सरकत नाही.

पाय बघा. डुकराच्या चारही पायांना चार-चार बोटे असतात. पेकरीच्या पुढच्या पायांना चार, पण मागच्या पायांना तीनच. दात डुकराला 44, पेकरीला 38. पेकरीला पित्ताशय नसते. त्याच्या पोटात कप्पे असतात आणि पुढच्या कप्प्यांत सूक्ष्मजीव चाऱ्यावर काम करतात, म्हणजे या बाबतीत तो गायी-म्हशींच्या वाटेवर थोडा पुढे गेलेला आहे. मात्र रवंथ तो करत नाही.

आणि पाठीवरची गंधग्रंथी. शेपटीच्या थोडे वर, कमरेवर, केसांत लपलेली. ही डुकरांत सापडत नाही. तिच्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

शास्त्रज्ञ पेकरीला कुठे बसवतात?

समखुरी प्राण्यांच्या गणात, म्हणजे हरणे, गायी, उंट आणि डुकरे ज्या गणात येतात तिथेच. त्यात डुकरांचे कुळ 'सुइडी' आणि पेकरींचे कुळ 'टायासुइडी'. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या कार्ल लिनियसने 1758 मध्ये कंठवाल्या पेकरीला (तीन जातींपैकी एक, ओळख पुढे आहे) नाव दिले तेव्हा त्याला डुकराच्याच 'सुस' प्रजातीत टाकले होते. वेगळे कुळ नंतर मान्य झाले. गुणसूत्रे मोजल्यावर तर शंका उरली नाही: पाळीव डुकरात 38, पेकरींमध्ये जातीनुसार 30, 26 आणि 20. पुष्कळ लोक अजूनही पेकरीला "अमेरिकन डुक्कर" म्हणतात. बोलण्यात चालेल, पण पाठ्यपुस्तकात आणि बातमीत तसे छापू नये असे मला ठामपणे वाटते.

एकूण किती जाती आहेत?

आज हयात असलेल्या तीन. मराठीत त्यांना रूढ नावे नाहीत, म्हणून या पानावर वापरण्यापुरती आम्ही ठेवली आहेत.

कंठवाला पेकरी (डायकोटिलीस टाजाकू) सगळ्यात लहान, साधारण 15 ते 25 किलोचा. मानेभोवती फिकट पिवळट-पांढरा पट्टा असतो. जुन्या पुस्तकांत याचे प्रजातीनाव 'पेकारी' असे सापडेल. अलीकडे 'डायकोटिलीस' वापरतात. प्राणी तोच.

पांढरओठ्या पेकरी (टायासू पेकारी) त्याहून दांडगा, 25 ते 40 किलोचा. रंग गडद तपकिरी ते काळा, आणि हनुवटी-गालांवर पांढरा भाग.

चाको पेकरी (कॅटागोनस वॅग्नेरी) जवळपास तेवढाच वजनदार, पण पाय लांब, कान मोठे, नाकाड लांबट आणि केस करडे. गाढवासारखे कान असलेले हे जनावर एकदा फोटोत पाहिले की बाकी दोघांशी त्याची गल्लत होत नाही.

चौथी जात सापडल्याचे वाचले होते, त्याचे काय झाले?

2007 मध्ये ब्राझीलच्या ॲमेझॉनमधून 'महाकाय पेकरी' म्हणून एक जात जाहीर झाली होती. बहुतेक तज्ज्ञांनी ती स्वीकारली नाही. तो कंठवाल्याचाच मोठ्या चणीचा नमुना, असे आज मानतात.

चाको पेकरी आधी जीवाश्म म्हणून माहीत होता, हे खरे का?

खरे आहे, आणि विसाव्या शतकातल्या प्राणिशास्त्रातली ही एक विलक्षण घटना आहे. 1930 मध्ये अर्जेंटिनात सापडलेल्या हाडांवरून या जातीचे वर्णन झाले आणि ती नामशेष झालेली समजली गेली. पुढे 1970 च्या दशकात राल्फ वेट्झेल आणि त्यांचे सहकारी पॅराग्वेच्या चाको प्रदेशात सस्तन प्राण्यांचा अभ्यास करत होते. तिथले लोक तीन प्रकारच्या पेकरींची नावे घेत होते, आणि शास्त्राला दोनच ठाऊक होते. तिसऱ्याच्या कवट्या तपासल्या तेव्हा त्या 'नामशेष' हाडांशी जुळल्या. 1975 मध्ये ही बातमी 'सायन्स' नियतकालिकात छापून आली.

याला "शोध" म्हणताना मला नेहमी थोडे अडखळायला होते. चाकोतले आदिवासी आणि शेतकरी या प्राण्याला पिढ्यान्पिढ्या ओळखत होते, त्याची शिकार करत होते, त्याला त्यांच्याकडे स्वतंत्र नाव होते. त्यांना कोणी विचारले नव्हते, एवढेच.

पेकरी मूळचे दक्षिण अमेरिकेतले का?

नाही. उत्तर अमेरिकेत त्यांचा इतिहास फार जुना आहे. दक्षिण अमेरिका तेव्हा वेगळे बेट होते. सुमारे 30 लाख वर्षांपूर्वी पनामाची संयोगभूमी तयार झाली, दोन्ही खंड जोडले गेले आणि प्राण्यांची मोठी ये-जा सुरू झाली. त्या काळात पेकरी दक्षिणेत उतरले आणि तिथे स्थिरावले. उत्तरेत मागे राहिलेले 'प्लॅटिगोनस' आणि 'मायलोहायस' हे मोठे पेकरी शेवटच्या हिमयुगाअखेरीस, सुमारे 11 हजार वर्षांपूर्वी संपले. आज ॲरिझोनात दिसणारा कंठवाला पेकरी दक्षिणेकडून पुन्हा वर सरकत आलेला आहे, आणि ॲरिझोनात तो गेल्या काही शतकांतच आला असे अभ्यासकांचे मत आहे.

ते कुठल्या प्रदेशात राहतात?

कंठवाला जवळजवळ कुठेही. अमेरिकेतले ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि टेक्सास, तिथून मेक्सिको, मध्य अमेरिका आणि थेट उत्तर अर्जेंटिनापर्यंत. त्रिनिदाद बेटावरही तो आहे. वाळवंट, काटेरी झुडपी रान, पानगळीचे जंगल, सदाहरित वर्षावन आणि आता तर शहरांच्या कडेच्या वसाहती, सगळीकडे तो जुळवून घेतो.

पांढरओठ्याला तसे जमत नाही. दक्षिण मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंत त्याचा पट्टा आहे, पण त्याला सलग जंगल हवे. त्याचे शेकड्यांचे कळप फळांच्या हंगामामागे फिरतात, आणि अशा एका कळपाला हजारो हेक्टर रान लागते. जंगलाचे तुकडे झाले की आधी हा जातो. एल साल्वादोरमधून तो पुरता नाहीसा झाला आहे.

चाको पेकरीचे घर एकच: पॅराग्वे, बोलिव्हिया आणि अर्जेंटिना यांच्यात पसरलेला ग्रान चाको, त्यातही त्याचा कोरडा भाग. काटेरी झाडे, उंच निवडुंग, विरळ पाऊस आणि उन्हाळ्यात 45 अंशांच्या आसपास जाणारा पारा. मराठवाड्यातल्या माणसाला तिथला वैशाख फारसा परका वाटणार नाही.

पेकरी खातात काय?

मुख्यतः वनस्पती, पण जे मिळेल तेही. मुळे, कंद, फळे, बिया, कोवळे कोंब यांच्याबरोबर अळ्या, किडे, गोगलगायी, अंडी, कधी बेडूक किंवा लहान साप. प्रत्येक जातीचे मुख्य अन्न मात्र वेगळे आहे.

वाळवंटातल्या कंठवाल्याचे ताट तर महाराष्ट्रातल्या माणसाला ओळखीचे वाटेल. त्याच्या जेवणाचा कणा म्हणजे फड्या निवडुंग. फडे आणि लाल बोंडे, दोन्ही तो खातो. जोडीला घायपाताच्या जातीतल्या झाडांचा गाभा आणि मेस्किट नावाच्या झाडाच्या शेंगा, म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीच्या सख्ख्या नात्यातले झाड. निवडुंग, घायपात आणि वेडी बाभूळ आपल्या माळरानांवर, बांधांवर आणि रेल्वेरुळांच्या कडेला इतकी पसरली आहेत की ती इथलीच वाटतात. तिन्ही अमेरिकेतून आणलेली आहेत. त्यांना खाऊन आटोक्यात ठेवणारे तिथले प्राणी मात्र त्यांच्याबरोबर आले नाहीत.

वर्षावनातला कंठवाला मुख्यतः पडलेली फळे आणि कंद खातो. पांढरओठ्याचा जबडा त्याच्याहून ताकदवान असतो. ताडामाडाच्या कुळातल्या झाडांच्या दगडासारख्या बिया तो दाताने फोडतो. बुरिती नावाच्या पामची फळे पिकतात त्या दलदलींत हे कळप हमखास येतात. कळप जेवत असताना बिया फुटल्याचा कडकड आवाज लांबूनही ऐकू येतो.

चाको पेकरी जवळपास निवडुंगावरच जगतो. फडे, गाभा, फळे, गळून पडलेली फुले, आणि जमिनीलगत वाढणाऱ्या अननसाच्या कुळातल्या काटेरी झुडपांची मुळे. या आहारातून खनिजे पुरत नाहीत, म्हणून तो खारट माती चाटायला ठरावीक जागी जातो. पानकापू मुंग्यांच्या वारुळांची मातीही त्याला चालते.

निवडुंगाचे काटे टोचत नाहीत का?

टोचतातच, पण तो युक्ती करतो. चाको पेकरी निवडुंगाचा तुकडा जमिनीवर पाडतो आणि नाकाडाने मातीत इकडून तिकडे लोळवतो, की काटे झिजून-मोडून गळतात. काही वेळा दातांनी काटे उपटून थुंकतो आणि मग खातो. कंठवाला फड्याला धरून फाडतो आणि आतला गर ओढून काढतो. ॲरिझोनातल्या रानवाटेवर अर्धवट फाटलेला, धाग्यांच्या लोंब्या लोंबकळणारा फडा दिसला, तर तिथे हॅवेलिना जेवून गेला असे खुशाल समजावे. ससाही फडे खातो, पण त्याचा घास कात्रीने कापल्यासारखा नीट असतो.

वाळवंटात पाणी कुठून मिळते?

बरेचसे निवडुंगातूनच. फड्यांत पाणी भरपूर असते. त्यातले ऑक्झॅलिक आम्ल अनेक प्राण्यांना बाधते, पेकरीला ते पचते. समोर पाणी असेल तर मात्र तो पितोच. उन्हाळ्यात दिवसभर तो घळीत, कपारीत किंवा झाडाच्या दाट सावलीत पडून राहतो आणि रात्री चरतो. थंडीत उलटे, दिवसा फिरतो आणि रात्री सगळे अंगाला अंग लावून झोपतात.

कळप केवढा असतो?

चाको पेकरी चार-पाचांच्या टोळीत, क्वचित दहापर्यंत. कंठवाले साधारण पाच ते पंधरा, कधी अधिक. पांढरओठ्यांचे कळप 50 ते 300 जनावरांचे असतात आणि त्याहून मोठ्या कळपांच्याही नोंदी आहेत.

त्यांचा वास फार उग्र असतो म्हणतात.

हो, आणि त्या वासावरच त्यांचा सारा संसार चालतो. पेकरीची नजर अधू असते, नाक तीक्ष्ण. पाठीवरच्या ग्रंथीतून तेलकट, कस्तुरीसारख्या उग्र वासाचा द्रव येतो. दोन पेकरी एकमेकांना भेटले की उलटसुलट, म्हणजे एकाचे डोके दुसऱ्याच्या कमरेकडे असे उभे राहतात आणि गाल ग्रंथीवर घासतात. असे सतत चालल्यामुळे सगळ्या कळपाला एकच वास येतो. आपला कोण आणि परका कोण ते त्यावरून कळते. दगड आणि झाडांच्या बुंध्यांवरही हा वास लावून ठेवतात. रानात पेकरी दिसण्याआधी बहुतेकदा त्यांचा वासच येतो.

त्यांना एकमेकांबद्दल माया असते का?

'माया' हा शब्द वापरताना अभ्यासक सावध राहतात, पण एक नोंद सांगतो. 2017 च्या जानेवारीत ॲरिझोनात एका शाळकरी मुलाच्या घराजवळ एक कंठवाला पेकरी मरून पडला. त्या मुलाने शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी तिथे आपोआप चित्रण करणारा कॅमेरा लावला. कळपातले बाकीचे सुमारे दहा दिवस त्या देहाकडे येत राहिले. त्याला हुंगत, नाकाडाने ढकलत, उठवायचा प्रयत्न करत, शेजारी झोपत. कायोटी (तिथले कोल्ह्या-लांडग्यांच्या कुळातले शिकारी) आले तेव्हा पेकरींनी त्यांना हुसकावून लावले. मृत सोबत्याकडे असे वारंवार परतणे हत्ती, डॉल्फिन आणि माकडांत पाहिलेले होते. पेकरीत तोवर कोणी नोंदवले नव्हते. पुढे ही निरीक्षणे संशोधकांबरोबर शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

पिल्ले किती होतात?

बहुतेकदा दोन. गर्भकाळ कंठवाल्यात जवळपास 145 दिवसांचा, पाळीव डुकरात 114. पिल्ले तांबूस असतात आणि पाठीवरून एक गडद रेघ जाते. आपल्या रानडुकराच्या पिल्लांसारखे पट्टे नसतात. जन्मल्यावर काही तासांतच ती आईमागे पळू लागतात. आई उभी राहूनच पाजते. डुकरीण एका वेळी चार-सहा किंवा अधिक पिल्ले देते, त्यामुळे शिकारीने घटलेली तिची संख्या लवकर भरून येते. पेकरीचे तसे नाही.

माणसावर हल्ला करतात का?

सहसा नाही. माणसाची चाहूल लागली की पळतात. दात कडाकडा वाजवले, पाठीचे केस उभे केले, तर तो "मागे हो" असा इशारा असतो. पळता पळता तो तुमच्याच दिशेने आला, तर बऱ्याचदा नजर कमी असल्यामुळे. धोका दोन ठिकाणी खरा: पांढरओठ्यांचा कोंडीत सापडलेला मोठा कळप, आणि कुत्रा. कुत्रा दिसला की पेकरीला कायोटी आठवतो आणि तो लढायला उभा राहतो. जॅग्वार आणि प्यूमासारखे शिकारीही मोठ्या कळपाच्या कडेचे, मागे राहिलेले जनावर गाठायला बघतात.

जंगलाला त्यांचा काय उपयोग?

फार मोठा. पांढरओठ्यांचा कळप एखाद्या ठिकाणाहून गेला की जमीन नांगरल्यासारखी होते. ते अनेक बिया चावून नष्ट करतात, त्यामुळे एकाच जातीची झाडे जंगल व्यापत नाहीत. बारीक बिया मात्र शेणातून लांब जाऊन पडतात. जॅग्वारचे ते महत्त्वाचे भक्ष्य आहेत.

मला सगळ्यात आवडते ते त्यांच्या लोळण्याच्या डबक्यांचे उदाहरण. पेकरी वर्षानुवर्षे एकाच जागी चिखलात लोळतात. अंगाखाली माती दाबली जाऊन घट्ट होते, खळगा खोल होतो आणि त्यात पाणी बराच काळ टिकते. पेरूच्या ॲमेझॉनमध्ये केलेल्या अभ्यासात आढळले की अशा डबक्यांत आसपासच्या नैसर्गिक डबक्यांपेक्षा बेडकांची संख्या अधिक असते. कोरड्या दिवसांत बाकीची डबकी आटतात, ही तग धरतात. म्हणजे पेकरी संपले तर त्यांच्यामागे बेडकांचीही घरे जातील.

पेकरी धोक्यात आहेत का?

जातीनुसार उत्तर बदलते. जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत कंठवाला सुरक्षित गटात, पांढरओठ्या असुरक्षित आणि चाको पेकरी संकटग्रस्त. चाकोतले जंगल गुरांच्या कुरणांसाठी आणि सोयाबीनसाठी जगातल्या सर्वांत वेगवान दरांपैकी एका दराने तुटते आहे. चाको पेकरीची एक सवयही त्याच्या जिवावर उठते: संकटात ते पळण्याऐवजी एकत्र उभे राहून सामना करतात. जॅग्वारसमोर हे ठीक, बंदुकीसमोर नाही. पॅराग्वेत 1985 पासून त्यांच्या संवर्धनाचा आणि बंदिस्त प्रजननाचा एक प्रकल्प चालू आहे.

पांढरओठ्याची गोष्ट वेगळीच. मोठमोठ्या प्रदेशांतून तो एकाएकी नाहीसा होतो आणि 7 ते 12 वर्षांनी परत वाढू लागतो. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार हे 20 ते 30 वर्षांचे चक्र आहे. जंगल सलग असेल तर शेजारून नवे कळप येतात. ते तुटलेले असेल तर यायचे कुठून?

कातडीचा व्यापारही विसरू नये. पेकरीच्या मऊ कातड्याचे हातमोजे युरोपात महाग विकले जातात. ते कातडे मुख्यतः पेरूतून जाते, आणि त्यावर आंतरराष्ट्रीय करारानुसार परवान्याचे बंधन आहे. चाको पेकरीचा व्यापार तर बंदच आहे.

भारतात पेकरी आहेत का? सह्याद्रीत दिसतो तो कोण?

भारतातल्या जंगलांत पेकरी नाहीत. सह्याद्रीत, विदर्भात किंवा गोव्यात शेतात घुसतो तो रानडुक्कर, डुकरांच्याच कुळातला.

आम्ही ॲरिझोनात किंवा टेक्सासमध्ये राहतो. अंगणात हॅवेलिना आले तर काय करावे?

खायला घालू नका. ॲरिझोनात तो कायद्यानेही बऱ्याच ठिकाणी गुन्हा आहे, आणि सवय लागलेला प्राणी पुढे धीट होतो; मग बहुधा त्यालाच मारावे लागते. पक्ष्यांचे दाणे, पाळीव जनावरांचे अन्न, गळालेली फळे आणि कचऱ्याचा डबा उघडा ठेवू नका. कुत्र्याला पट्ट्याशिवाय सोडू नका, विशेषतः पहाटे आणि अंधार पडल्यावर. हॅवेलिना अंगणात असेल तर त्याला पळायची वाट मोकळी ठेवून लांबून मोठा आवाज करा किंवा पाइपने पाणी मारा. कुंड्यांतली फुलझाडे आणि कंद त्यांना प्रिय, त्यामुळे बागेला खालून पक्की, बुटकी जाळी पुरते. हिरवळीखालच्या किड्यांसाठी ते गवतही उकरतात. 2023 मध्ये सेडोनाजवळच्या एका गोल्फ मैदानाचे असेच झाले आणि त्याचे व्हिडिओ जगभर फिरले.

टेक्सासमध्ये आणखी एक काळजी घ्या. तिथे पाळीव डुकरांपासून सुटून रानटी झालेली डुकरे भरपूर आहेत. ती बाहेरून आलेली, उपद्रवी मानली जातात. हॅवेलिना तिथला मूळचा प्राणी आहे आणि त्याच्या शिकारीला हंगाम व परवान्याचे नियम आहेत. लांब शेपूट दिसले तर डुक्कर. शेपूट दिसतच नसेल आणि मानेवर फिकट पट्टा असेल तर हॅवेलिना.

पिल्लू सापडले तर पाळता येईल का?

नाही. आई बहुधा जवळच असते, म्हणून हात न लावता दूर व्हा. एखादे पिल्लू खरोखर एकटे पडले असेल, तर राज्याच्या वन्यजीव विभागाला कळवा. लहानपणी लळा लागलेला पेकरी मोठा झाल्यावर घरच्याच माणसांना चावतो. आणि माणसाच्या वासात वाढलेल्याला पुढे कळपही सहसा स्वीकारत नाही.